टायर चढवण्याआधी बिलावर चार गोष्टी लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात कोकणातल्या टायरच्या दुकानांना उसंत नसते. मुंबईहून आलेली गाडी घाटात घसरू लागली म्हणून थांबलेली असते, इथली टुरिस्ट गाडी सीझनच्या तोंडावर नवे टायर मागत असते. दुकानात नेमकी साईज शिल्लक नसते आणि माल कोल्हापूरहून यायला एक दिवस तरी जाणार असतो. अशा वेळी ‘हा पण चालतो’ हे वाक्य ऐकू येते. गिऱ्हाईक मान डोलावते, टायर चढतो, पैसे दिले जातात. तक्रार येते ती महिन्याभराने, जेव्हा टायर कडेने झिजू लागतो किंवा दुसऱ्या गॅरेजवाल्याच्या नजरेला साईज पडते. तोवर दुकानदाराच्या दृष्टीने तो टायर ‘वापरलेला’ झालेला असतो. आम्ही काही जण टायर आणि अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) कामात आहोत. दहा मिनिटांत मिटला असता असा वाद वर्षभर रेंगाळू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

चुकीचा टायर रिमवर बसतोच कसा, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. १४ इंची टायर १५ इंची रिमवर चढत नाही, त्यामुळे ती चूक जागच्या जागी पकडली जाते. फसगत होते ती रुंदी आणि उंची या दोन आकड्यांत. रिमचा व्यास तोच असला की बीड (टायरची रिमला धरून बसणारी आतली कडा) व्यवस्थित बसते, हवा धरते, चाकही फिरते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच वावगे दिसत नाही.

उदाहरण रोजच्या व्यवहारातलेच घेऊ. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ लागतो, तर वॅगनआरच्या १.२ लिटर इंजिनच्या गाडीला १६५/७० आर १४. दोन्हींची रुंदी १६५ मिलिमीटर आणि दोन्ही १४ इंची, त्यामुळे घाईत एकाच्या जागी दुसरा सहज उचलला जातो. मधला आकडा म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. पहिल्या टायरची बाजू १३२ मिलिमीटर, दुसऱ्याची साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास. वरची-खालची बाजू आणि मधले १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, यांची बेरीज केली की पहिल्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा ५८७. फरक ३३ मिलिमीटर, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडा जास्त. स्विफ्टला हा छोटा टायर बसला तर गाडी जमिनीच्या दीड सेंटिमीटर जवळ येते. गावातल्या पाखाडीजवळच्या चढावर किंवा घराकडे वळणाऱ्या जांभ्याच्या रस्त्यावर गाडीचा तळ घासायला एवढे पुरते. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७६ च्या आसपास धावत असते आणि मीटरवर किलोमीटर जास्त पडतात, त्यामुळे ॲव्हरेजचा हिशेब खोटा येतो. उलट बाजूने, वॅगनआरला मोठा टायर चढला तर काटा ८० वर असताना वेग ८४ च्या वर गेलेला असतो आणि पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर टायर आतल्या लायनरला घासू शकतो.

साईजनंतर लिहिलेला आकडा आणि अक्षर कुणी वाचत नाही. आमच्या मते सर्वांत महागात पडते ते हेच दुर्लक्ष. ‘८५ टी’ मधला ८५ हा लोड इंडेक्स. त्याचा अर्थ असा की तो एक टायर ठरलेल्या पूर्ण दाबाला ५१५ किलो पेलतो. ८१ म्हणजे ४६२ किलो, ८८ म्हणजे ५६० आणि ९१ म्हणजे ६१५. अक्षर वेगाचे असते: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. वर सांगितलेल्या अदलाबदलीत एका टायरमागे ५३ किलोंची ताकद कमी होते. दुकानदार चार टायरांची बेरीज करून दाखवतो आणि ‘गाडीच्या वजनापेक्षा जास्तच आहे’ म्हणतो. बेरीज बरोबर असते, पण भार चारही चाकांवर सारखा वाटलेला नसतो. पाच माणसे, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि कुंभार्ली किंवा आंबोली घाट उतरताना सतत मारलेले ब्रेक, यांत पुढच्या दोन चाकांवर किती वजन येते ते लक्षात घ्या. त्यात हवा कमी असली तर टायरची भार पेलण्याची ताकद लोड इंडेक्सच्या आकड्याइतकीही राहत नाही. बाजू वाजवीपेक्षा जास्त दबते, आतले धागे तापतात आणि टायर फुटतो तो बहुधा घाट संपल्यावर, सपाट रस्त्यावर वेग घेतल्यानंतर.

म्हणून लोड इंडेक्स आणि वेगाचे अक्षर कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त चालेल, कमी चालणार नाही. ज्या गाडीला कंपनीने ‘एक्सएल’ किंवा ‘रिइन्फोर्स्ड’ (जादा भार पेलणारा) टायर सांगितला आहे तिला त्याच साईजचा साधा टायर पुरत नाही. मालवाहू किंवा जादा सीटांच्या गाड्यांना ‘एलटी’ (लाइट ट्रक) टायर असतात. त्यांच्या जागी मोटारीचा टायर स्वस्त मिळतो म्हणून बसवून घेणारे मालकही आम्ही पाहतो. तिथे दोष फिटरइतकाच मालकाचा असतो.

कोकणासाठी वेगळे लिहायचे तर ते पाण्याबद्दल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महामार्ग क्रमांक ६६ वर, विशेषतः वळणाच्या आतल्या बाजूला, रस्त्यावरून आडवे पाणी वाहते. कामे सुरू असतील तिथे त्यात लाल चिखल मिसळतो. टायरच्या खाचांचे काम हे पाणी बाहेर फेकण्याचे. काही टायरांची नक्षी इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते आणि बाजूला बाण काढून ‘रोटेशन’ लिहिलेले असते. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते तिकडे तो बाण हवा. उलटा बसला तर खाचा पाणी बाहेर टाकण्याऐवजी मध्यभागी गोळा करतात आणि कमी वेगातच टायर पाण्यावर तरंगू लागतो. दुसऱ्या प्रकारात टायरच्या एका बाजूला ‘आउटसाइड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इनसाइड’ लिहिलेले असते. आउटसाइड म्हणजे उभ्या गाडीकडे पाहणाऱ्याला दिसणारी बाजू. या दोन चुकांचा उपाय वेगवेगळा आहे. बाणाचे दोन्ही टायर उलटे बसले असतील तर रिमसकट चाके डावी-उजवी बदलली की काम होते, टायर उतरवावा लागत नाही. आउटसाइड आत गेली असेल तर मात्र टायर रिमवरून काढून, उलटवून, पुन्हा बॅलन्सिंग करावेच लागते. ‘चाके बदलून देतो’ म्हणून कुणी वेळ मारून नेत असेल तर हा फरक लक्षात ठेवा.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत. पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून नवे पुढे घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती पावसात धोक्याची आहे. पुढची चाके पाण्यावर तरंगली तर गाडी सरळ जाऊ पाहते. पाय उचलला की वेग उतरतो आणि पकड परत येते. मागची चाके तरंगली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो आणि परशुराम किंवा भोस्ते घाटासारख्या वळणावर ती सावरायला चालकाला वेळच मिळत नाही. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असो की मागच्या, नियम तोच. पुढचे अर्धे झिजलेले टायर मागे टाकून नवे पुढे बसवलेली गाडी ताब्यात मिळाली तर लगेच अदलाबदल करून मागा. कोणताही शहाणा दुकानदार ते जागेवर करून देतो.

एकाच ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर साईज, कंपनी आणि नक्षी यांनी सारखे असावेत आणि झीजही जवळपास सारखी असावी. डावा-उजवा व्यास वेगळा असला की गाडी एका बाजूला ओढते, वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही फिरत राहते आणि चाकांचे फेरे मोजून ब्रेक लागताना ती अडकू न देणारी एबीएस गोंधळते. चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांत हीच काळजी चारही टायरांबाबत घ्यावी लागते, कारण पुढच्या-मागच्या व्यासातला फरक थेट ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरवर) येतो.

आता टायरचे वय. बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. १८२४ म्हणजे २०२४ सालचा अठरावा आठवडा. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेली तर गाडीखाली वाकून, टॉर्च मारून शोधावी लागते. म्हणून ते टायर चढण्याआधीच पाहायचे. वर्षाच्या आतला माल मिळाला तर उत्तम. सावलीत, उभा ठेवलेला दोन वर्षांपर्यंतचा टायर घ्यायला हरकत नाही, पण मग भावात सूट मागावी. दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेला, बाजूवर बारीक भेगा दिसणारा टायर तारीख ताजी असली तरी घेऊ नये. आयएसआयची खूण प्रत्येक नव्या टायरवर हवीच, ती सक्तीची आहे. मोटारीच्या टायरला तिच्याजवळ आयएस १५६३३ हा क्रमांक दिसेल. ती नसेल तर माल कुठून आला हे विचारण्यातही वेळ घालवू नका.

दुकानात शिरण्यापूर्वी गाडीची साईज आपल्याला ठाऊक हवी. ती जुन्या टायरवरून वाचणे चूक आहे, कारण गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने काय बसवले होते ते आपल्याला माहीत नसते. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडल्यावर खांबावर पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर साईज आणि पुढच्या-मागच्या चाकांची हवा दिलेली असते. तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लोड इंडेक्स पट्टीवर नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत पाहा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरिएंटना वेगळी साईज असते, त्यामुळे ‘स्विफ्टचे टायर द्या’ एवढे सांगून भागत नाही. वरच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर १५ येतो.

मग टायर रिमवर चढण्याआधी, कच्च्या चिठ्ठीवर का होईना, चार गोष्टी लिहून घ्या: कंपनी आणि नक्षीचे नाव, लोड इंडेक्स आणि वेगाच्या अक्षरासह पूर्ण साईज, प्रत्येक टायरचा डीओटी क्रमांक, गाडीचा नंबर आणि त्या दिवशीचे मीटर रीडिंग. पक्क्या बिलावर हेच उतरले पाहिजे. नुसते ‘टायर २ नग’ लिहिलेले बिल भांडणात काहीच सिद्ध करत नाही. जीएसटी बिलावर नव्या टायरचा एचएसएन क्रमांक (मालाच्या प्रकाराचा सांकेतिक क्रमांक) ४०११ ने सुरू होतो. ४०१२ दिसला तर तो जुना किंवा रिमोल्ड केलेला (जुन्यावर नवे रबर चढवलेला) माल आहे. नेमकी साईज सोडून जवळपासची दुसरी घेतली असेल आणि ती दुकानदाराने सुचवलेली असेल, तर ‘दुकानाच्या सल्ल्याने पर्यायी साईज’ असे लिहून मागा. ज्याला आपल्या सल्ल्याची खात्री आहे तो लिहून देतो. जो टाळतो त्याच्याकडून तो टायर घेऊ नये, एवढे आम्ही धंद्यातले असूनही सांगतो.

बसवताना काय चुकते तेही थोडक्यात. किनाऱ्यावर, मालवण-वेंगुर्ल्यापासून दापोली-मुरुडपर्यंत, खारट हवेने लोखंडी रिमच्या आतल्या कडेला गंज धरतो. तारेच्या ब्रशने तो काढून कडा गुळगुळीत केल्याशिवाय नवा टायर बसवला तर हवा रोज दोन-तीन पीएसआय उतरत राहते आणि गिऱ्हाईक टायरला दोष देते. ट्यूबलेस टायरसोबत व्हॉल्व्ह नवा घालावा, तो फार स्वस्त असतो. हवा उतरते म्हणून ट्यूबलेसमध्ये ट्यूब घालून देणे हा उपाय नव्हे. ट्यूब आत घासून तापते आणि पंक्चर झाले की हवा हळूहळू न जाता एकदम जाते. बीड बसत नसेल तर ४० पीएसआयच्या वर हवा मारत जाणे जिवावर बेतू शकते. हवा सोडून, बीडला साबणाचे पाणी लावून पुन्हा बसवायचे. नट हवेच्या गनने थेट करकचून आवळू नयेत. आधी हाताने, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आणि शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) घ्यावेत. छोट्या गाड्यांना हा टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. अलॉय रिम असतील तर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवून पुन्हा तपासून घ्या. बॅलन्सिंग प्रत्येक नव्या टायरचे, आणि अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्यायचा.

चूक लक्षात आली तर काय? दुकानाच्या आवारातच लक्षात आली तर गाडी हलवू नका. न धावलेला टायर नवाच असतो, दुकानदार तो पुन्हा विकू शकतो, आणि म्हणून बदलूनही देतो. टायरच्या अंगावरची रबराची बारीक केसांसारखी टोके झिजली की तो मोकळेपणा संपतो. घरी पोचल्यावर कळले तर गाडी शक्य तितकी कमी चालवा. एकाच ॲक्सलवर दोन वेगळे व्यास किंवा कमी लोड इंडेक्स असेल तर घाटात मुळीच नेऊ नका. चारही टायरांवरची साईज, डीओटीची ओळ, दाराच्या खांबावरची पट्टी, मीटर आणि बिल यांचे फोटो एकाच दिवशी काढा. शक्य असेल तर दुसऱ्या दुकानातून त्यांच्या लेटरहेडवर प्रत्येक चाकावरची साईज आणि खाचेची खोली मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. आमच्यापैकी बहुतेक जण हे काम किरकोळ पैशांत करतात.

त्यानंतर दुकानात जाऊन शांतपणे बोला आणि बोलणे फिसकटले तर लेखी पत्र द्या. मजकूर एवढा पुरे: ‘दिनांक … रोजी बिल क्र. … अन्वये गाडी क्र. … ला आपण … साईजचे … टायर बसवले. गाडीच्या कंपनीने दिलेली साईज व लोड इंडेक्स … असा आहे. फोटो सोबत जोडले आहेत. सात दिवसांत योग्य टायर बसवून द्यावेत व बसवणी, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचा खर्च आपण सोसावा. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी.’ पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. व्हॉट्सॲपवर केलेली बोलणी पुसू नका.

दुकानदाराची उत्तरे ठरलेली असतात. ‘कंपनीनेच हा माल पाठवला’ याला अर्थ नाही, कारण साईज निवडून विकली दुकानाने. ‘तुम्हीच मागितला’ याचा निकाल बिलावर लागतो, आणि खरोखरच रुंद टायरच्या हौसेने गिऱ्हाइकाने हट्ट धरला असेल तर दुकानदाराला धारेवर धरणे अन्यायाचे आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बिलावरचा शिक्का मात्र कायद्याला मान्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला किंवा त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे परत करायला बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलच न देणे हीसुद्धा त्याच व्याख्येत बसते.

टायर बाहेरून, ऑनलाइन मागवून स्थानिक गॅरेजमध्ये फक्त बसवून घेतला असेल तर जबाबदारी वाटली जाते. साईज चुकीची पाठवली असेल तर विक्रेता जबाबदार. दिशा उलटी बसवणे, बीड फाडणे, नट चुकीचे आवळणे हे गॅरेजचे. बीड फाटल्याची खूण रिमच्या कडेला लागून असलेल्या चिरेवरून ओळखता येते. बाजूवर उठलेला फुगवटा मात्र बहुधा खड्ड्याच्या दणक्याने आतले धागे तुटल्यामुळे येतो. तो ना गॅरेजच्या माथी मारता येतो, ना सहसा वॉरंटीत बसतो.

टायर हजार-दोन हजार किलोमीटर धावल्यानंतर चूक कळली असेल तर तडजोडीचा एक प्रामाणिक हिशेब आहे. कायद्याने पूर्ण रक्कम मागता येते, तरी आम्ही आधी हा हिशेब मांडायला सांगतो. समजा नव्या टायरची खाच ८ मिलिमीटर होती. १.६ मिलिमीटरला टायर बाद होतो, खाचेतल्या उंचवट्याची खूण तेच दाखवते. म्हणजे वापरता येण्याजोगे रबर ६.४ मिलिमीटर. एक मिलिमीटर झिजले असेल तर सुमारे १६ टक्के वापर झाला. टायर ५,००० रुपयांचा असेल तर ७८० रुपये गिऱ्हाइकाने सोडावेत आणि उरलेले ४,२२० नव्या टायरच्या किमतीत वळते करून घ्यावेत. बहुतेक भांडणे इथे मिटतात, कारण दोघांनाही आकडा दिसतो. (पावसातल्या वापरासाठी मात्र १.६ ची वाट पाहू नये. ३ मिलिमीटरला टायर बदललेला बरा.)

नाहीच मिटले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तीही निष्फळ ठरली तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच: रत्नागिरीकरांना रत्नागिरीत, सिंधुदुर्गवासीयांना ओरोसला, रायगडकरांना अलिबागला. मालासाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नव्या कायद्यातली एक तरतूद आपल्याकडच्या लोकांना फार उपयोगाची आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे सुट्टीत गावी टायर बसवून घेतलेल्या ठाण्याच्या माणसाला तारखेसाठी कोकणात यावे लागत नाही, आणि मुंबईत फसलेल्या गुहागरच्या माणसाला मुंबईला जावे लागत नाही. स्वतः चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही कायदा ग्राहक मानतो. ‘धंद्याची गाडी आहे, तुमची केस बसत नाही’ असे कुणी सांगितले तर तेवढ्यावर माघार घेऊ नये. टायरमध्येच दोष असल्याचा वाद असेल तर आयोग तो तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून निकाल लागेपर्यंत तो टायर विकू किंवा टाकू नका.

एक सूचना आमच्याच व्यवसायबंधूंना. दुकानात विकल्या जाणाऱ्या मॉडेलांची व्हेरिएंटवार साईज आणि लोड इंडेक्स यांचा तक्ता भिंतीवर लावा आणि टायर मशीनवर घेण्याआधी फिटरने गाडीच्या दारावरची पट्टी वाचून साईज मोठ्याने सांगावी, अशी शिस्त घाला. साईज नसेल तर गिऱ्हाइकाला एक दिवस थांबायला सांगा, तोवर त्याची स्टेपनी किंवा बरा असलेला जुना टायर चढवून द्या. स्टेपनी छोट्या साईजची असेल तर तिच्यावरची वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, त्याला दाखवून द्या.

आणि गिऱ्हाइकांनी जुने टायर लगेच दुकानात सोडून येऊ नयेत. त्यांचे दोन-चारशे रुपये मिळतात म्हणून ते जागेवरच दिले जातात. मग नवे टायर परत करायची वेळ आली की गाडी उभी करायलासुद्धा काही उरत नाही, आणि आधी कोणती साईज होती त्याचा पुरावाही जातो. डिकीत टाकून घरी आणा, आठवडाभर पडवीत ठेवा, नव्या टायरांवर एक पावसाळी घाट उतरून-चढून झाला, अलाइनमेंट ठीक असल्याची खात्री पटली की मग विका.

आपले,
टायर व अलाइनमेंटच्या कामातले काही जण,
कणकवली-कुडाळ परिसर